बेत कोणाचा? : पेपर पॅटर्न, घरची शिलाई आणि निवडीचा इतिहास

प्रस्तावना

‘बेतणे’ हे मराठी क्रियापद शिंप्याच्या दुकानातही चालते आणि साहित्यचर्चेतही. कापड मापाबरहुकूम कापणे म्हणजे बेतणे. एखाद्या कथेवर चित्रपट बेतला जातो, तेव्हाही क्रियापद तेच. दोन्ही ठिकाणी कातरीच्या किंवा लेखणीच्या आधी कोणीतरी विचार केलेला असतो. वस्त्रांच्या इतिहासात मात्र या विचाराकडे फारसे लक्ष गेलेले नाही. कोणत्या काळी कोणी काय नेसले, कोणता रंग प्रतिष्ठेचा मानला गेला, किती घेराची फॅशन होती, याची सविस्तर नोंद मिळते. कापड कसे कापावयाचे हे कोणी ठरविले, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका व युरोपातील मध्यमवर्गीय घरांत या प्रश्नाला एक नवे उत्तर मिळाले. वस्त्राच्या प्रत्येक भागाचा पूर्ण आकाराचा, कापून तयार असलेला कागद बाजारात विकत मिळू लागला. हाच ‘पेपर पॅटर्न’ होय. आपल्याकडील कपड्यांच्या कारखान्यांत ज्यास ‘फर्मा’ म्हणतात, तो याच जातीचा. मार्गारेट वॉल्श यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधन-निबंधात या उद्योगाच्या उदयास ‘फॅशनचे लोकशाहीकरण’ असे संबोधले आणि पुढील पुष्कळसे लेखन याच सूत्राभोवती फिरले. प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडे निराळे आहे. पेपर पॅटर्नने घरी शिवणाऱ्या स्त्रीला निवड दिली, हे खरेच; परंतु त्याच व्यवहारात आखणीचे ज्ञान तिच्याकडून कंपनीकडे गेले आणि तिच्या शरीराचे प्रमाणही दुसऱ्याने ठरविले. ही तफावत भरून काढण्यासाठी तिला जे कौशल्य पणाला लावावे लागले, ते ‘विकत घेणारी ग्राहक’ या शब्दांत मावत नाही. येथे मुख्यतः अमेरिका व इंग्लंड येथील उदाहरणे विचारात घेतली असून, महाराष्ट्रातील घरच्या शिलाईने याच प्रश्नाची सोडवणूक कशी वेगळ्या रीतीने केली, हे अखेरीस पाहिले आहे.

कापड महाग, मजुरी स्वस्त

शिवणकामाच्या आकृत्या छापण्याची परंपरा पेपर पॅटर्नहून कितीतरी जुनी आहे. हुआन दे अल्सेगा या स्पॅनिश शिंप्याने १५८० साली माद्रिद येथे भूमिती आणि बेतणी यांवरील ग्रंथ छापला. १५८९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. या ग्रंथातील आकृत्या पाहिल्या की त्या काळातील अर्थकारण डोळ्यांसमोर येते. अमुक पन्ह्याच्या कापडावर झग्याचे सर्व तुकडे कसे मांडावेत, म्हणजे कमीत कमी चिंध्या उरतील, हाच त्यातील ध्यास आहे. अंगावर वस्त्र कसे दिसेल, यापेक्षा मेजावर कापड कसे पुरेल याची त्या शिंप्याला अधिक काळजी होती. कापड महाग आणि मजुरी स्वस्त अशा समाजात हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. फ्रान्समध्ये गार्सो याने १७६९ साली शिंप्याच्या कलेवर ग्रंथ लिहिला. तो तेथील विज्ञान अकादमीने हाती घेतलेल्या कला व उद्योगांच्या वर्णनमालेचा भाग होता. ही दोन्ही पुस्तके व्यवसायाकडे पाहून लिहिलेली आहेत, घराकडे पाहून नव्हे.

घरासाठी लिहिलेली पुस्तके एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये दिसू लागतात. १८०८ साली लंडनमध्ये ‘द लेडीज इकॉनॉमिकल असिस्टंट’ प्रसिद्ध झाले, तर १८३८ साली ‘द वर्कवुमन्स गाइड’. दोन्हींवर लेखिकेचे नाव नाही. केवळ ‘एका स्त्रीकडून’ एवढाच उल्लेख आहे. त्यांतील वस्त्रेही लक्षात घेण्यासारखी आहेत. पुरुषांचे सदरे, स्त्रियांची अंतर्वस्त्रे, तान्ह्या मुलांची झबली, टोप्या. म्हणजे बहुतांशी सरळ रेषेत, चौकोनी तुकड्यांतून निघणारे कपडे. ‘गाइड’मधील मापे ‘नेल’ या सव्वादोन इंचांच्या एककात दिलेली असून, अनेक सूचना गरिबांना वाटण्यासाठी एकाच वेळी पुष्कळ नग कापणाऱ्या स्त्रियांना उद्देशून आहेत.

अंगासरशी बसणाऱ्या चोळीसारख्या भागाची गोष्ट वेगळी होती. तो भाग व्यावसायिक शिवणारी स्त्री गिऱ्हाइकाच्या अंगावरच कापड टाचून बेतीत असे. घरी शिवणारीपुढे एकच खात्रीचा मार्ग होता : जुने, चांगले बसणारे वस्त्र उसवावयाचे, त्याचे तुकडे नव्या कापडावर पसरावयाचे आणि माया सोडून कापावयाचे. म्हणजेच पॅटर्न होता. तो कागदाचा नव्हता, आणि विकतचा तर नव्हताच. तो तिच्याच शरीराचा होता. पुढे जे घडले त्याचे मोल करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

कागद बाजारात येतो

मासिकांनी प्रथम लहान आकृत्या छापल्या. फिलाडेल्फियाच्या ‘गोडीज लेडीज बुक’मधील अशा आकृत्या मोठ्या करून घेणे हे भूमिती न शिकलेल्या वाचकाला सोपे नव्हते. इंग्लंडमध्ये सॅम्युएल बीटन यांच्या ‘इंग्लिशवुमन्स डोमेस्टिक मॅगझीन’ने १८६० पासून पॅरिसच्या पूर्ण आकाराच्या पॅटर्नची सोय केली. बर्लिनच्या ‘डेर बाझार’ या नियतकालिकाचे पॅटर्न वापरणाऱ्या ‘हार्पर्स बझार’ने १८६७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हीच वाट धरली. या पुरवण्यांचे स्वरूप आज पाहिले तर गोंधळून जावे असेच आहे. एकाच मोठ्या कागदावर अनेक वस्त्रांच्या रेषा एकमेकींवर छापलेल्या. एक ठिपक्यांची, दुसरी तुटक, तिसरी फुल्यांची. हवी ती रेषा डोळ्यांनी धरून ठेवायची आणि दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यायची. ते वाचनच होते, आणि पानावरच्या मजकुराहून अवघड वाचन होते.

स्वतंत्र पॅटर्नच्या व्यापारात दोन नावे अग्रभागी आहेत. एलेन कर्टिस डेमोरेस्ट व त्यांचे पती विल्यम यांनी १८६० मध्ये फॅशनचे त्रैमासिक सुरू करून त्याद्वारे पॅटर्न विकले. श्रीमती डेमोरेस्ट यांनी आपल्या उद्योगात कृष्णवर्णीय स्त्रियांना गौरवर्णीयांच्या बरोबरीने कामावर ठेवले, ही त्या काळात धाडसाची गोष्ट होती. दुसरे नाव एबेनेझर बटरिक या मॅसॅच्युसेट्समधील स्टर्लिंग गावच्या शिंप्याचे. १८६३ मध्ये त्यांनी विक्रीस काढलेल्या पॅटर्नचे वैशिष्ट्य असे, की एकच वस्त्र वेगवेगळ्या आकारमानांत मिळत असे. आरंभी जाड कागद वापरून पाहिला. परंतु घडी घालून टपालाने पाठविण्यास पातळ कागदच सोयीचा ठरला. सुरुवात पुरुष व मुलांच्या कपड्यांपासून झाली, १८६६ मध्ये स्त्रियांचे कपडे आले आणि १८७३ पासून ‘द डेलिनिएटर’ हे कंपनीचे मासिक. १८७१ या एका वर्षात साठ लाख पॅटर्न विकले गेल्याचा आकडा सर्वत्र उद्धृत केला जातो. तो कंपनीच्या प्रचाराचा भाग मानून थोडा कमी केला तरी व्यापाराचा विस्तार स्पष्ट होतो.

या उद्योगाच्या जन्मकथेत बटरिक यांची पत्नी एलेन हिने मुलासाठी कपडा बेतताना नवऱ्यास ही कल्पना सुचविली असे सांगितले जाते. कथा खरी असो वा नसो, तिची रचना बोलकी आहे. सुचविणारी घरात राहते आणि पेटी, पाकीट, पेढी यांवर नाव दुसऱ्याचे लागते. जाता जाता हेही नमूद करावे, की ‘सिस्टर कॅरी’चा लेखक थिओडोर ड्रायझर १९०७ ते १९१० या काळात ‘डेलिनिएटर’चा संपादक होता. कपड्यांच्या ओढीने शहरात हरवणाऱ्या नायिकेचा निर्माता पॅटर्न विकणारे मासिक चालवितो, यातील विसंगती इतिहासकाराला पुष्कळ काही सांगून जाते.

पाकिटातील निवड

पॅटर्न निवडणे म्हणजे चित्र पसंत करणे, असा समज सहज होतो. वस्तुतः ती निर्णयांची साखळी होती. १९२०च्या सुमारास मॅकॉल कंपनीने रेषा व सूचना छापलेले पॅटर्न आणेपर्यंत पाकिटातून निघणारा कागद कोराच असे. त्यावर केवळ भोके पाडलेली. एका आकाराची भोके उभ्या धाग्याची दिशा दाखवीत, दुसऱ्या आकाराची चुणीची किंवा टक्सची जागा. कडेच्या खाचा जुळवून कोणता तुकडा कोठे जोडावयाचा हे ओळखावे लागे. काही कंपन्यांनी ही भोक पाडण्याची रीत १९५०च्या दशकापर्यंत चालू ठेवली. मजकुराविना केवळ खुणांवर चालणारी ही लिपी ज्या स्त्रियांना वाचता येत होती, त्यांतील कित्येकींची गणना शिक्षितांत झाली नसेल.

त्यानंतरचा प्रश्न कापडाचा. पाकिटावर लिहिलेले वार ठराविक पन्ह्यासाठी असत. घरातले किंवा दुकानातले कापड दुसऱ्या पन्ह्याचे निघाले, की तुकड्यांची मांडणी पुन्हा करावी लागे. फुले एकाच दिशेने चढणारी असली, मखमलीसारखी लव असली किंवा चौकडी जुळवावयाची असली, तर कापड अधिक लागे. घेरदार झगा उरेब कापावयाचा तर आणखी अधिक. येथे अल्सेगाचा जुना ध्यास घरच्या मेजावर पुन्हा अवतरतो. पॅटर्नची किंमत हाही विचार होता. ‘व्होग’ने १८९९ मध्ये पहिला पॅटर्न दिला तेव्हा त्यास ५० सेंट पडत, १९२७ मध्ये निघालेल्या ‘सिम्प्लिसिटी’ने तो १५ सेंटला विकला. किंमत उतरली म्हणून स्त्रियांनी अधिकाधिक पॅटर्न घेतले असतील. परंतु काटकसरी घरातले शहाणपण उलट दिशेचे होते. नीट बसणारा एक पॅटर्न शोधावा, तो अंगावर दुरुस्त करून घ्यावा आणि गळपट्टी, बाही, खिसा बदलून त्यावरच चार कपडे काढावेत. वापरून झालेले जे पॅटर्न आज संग्रहांत आहेत, त्यांवर टाचण्यांची भोके, मध्येच घातलेल्या घड्या आणि जोडलेल्या पट्ट्या दिसतात. माझ्या मते, छापील चित्रापेक्षा या खुणा अधिक महत्त्वाचा पुरावा आहेत. विकत घेतलेला बेत आपलासा केल्याची ती सही आहे.

निवडीतील हिशेब किती सूक्ष्म असू शकतो, याचे उत्तम उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनमध्ये सापडते. १ जून १९४१ रोजी तेथे कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले आणि ते १५ मार्च १९४९ पर्यंत चालले. पहिल्या वर्षी प्रौढ व्यक्तीस ६६ कुपने मिळाली. तयार लोकरी झग्यास ११ कुपने लागत, सुती किंवा रेयॉनच्या झग्यास ७. छत्तीस इंच पन्ह्याच्या लोकरी कापडास वाराला ३ कुपने आणि इतर कापडास २. यावरून असे दिसते, की तीन वारांत बसणारा लोकरी झगा घरी शिवला तर दोन कुपने वाचत. चार वार लागणारा पॅटर्न निवडला तर तयार झग्यापेक्षाही एक कुपन जास्त जाई. सुती झग्यात साडेतीन वारांवर बरोबरी होई. म्हणजे ‘घरी शिवणे स्वस्त’ हे विधान आपोआप खरे नव्हते. ते पाकिटामागील कोष्टकावर आणि ते वाचणारीच्या डोक्यावर अवलंबून होते. १९४३ मध्ये सरकारने ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका काढून जुन्यातून नवे करण्याचा उपदेश केला. हे ज्ञान गृहिणींना ठाऊकच होते. त्यांच्या आज्यांनी वस्त्रे उसवूनच पॅटर्न काढले होते.

प्रमाण शरीर कोणाचे?

पॅटर्नच्या निवडीत एक निवड स्त्रीला कधीच नव्हती. आकारमान ठरे ते प्रामुख्याने छातीच्या मापावरून. खांदा, पाठ, मुंढा, कंबर हे सर्व त्या एका मापाच्या प्रमाणात गृहीत धरले जाई. एवढ्या छातीच्या सर्व स्त्रियांचे खांदे तेवढेच असतात, हे विधान कोणत्याही शिंप्याला हास्यास्पद वाटेल. पण छापील धंद्याला त्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून न बसणाऱ्या वस्त्राचा दोष कागदाकडे न जाता अंगाकडे गेला. ‘माझ्या अंगाला काही बसतच नाही’ या उद्गाराला इतिहास आहे, आणि तो या कोष्टकांपासून फार दूर नाही.

हे कोष्टक शास्त्रशुद्ध करण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेच्या कृषी खात्याच्या गृहअर्थशास्त्र विभागाने केला. १९३९-४० मध्ये सुमारे पंधरा हजार स्त्रियांची प्रत्येकी पन्नासांहून अधिक मापे घेण्यात आली आणि रूथ ओब्रायन व विल्यम शेल्टन यांचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्त्रे व पॅटर्न यांच्या रचनेसाठी स्त्रियांची मापे, असे त्याचे शीर्षकच आहे. मात्र त्यात विचार झाला तो केवळ गौरवर्णीय स्त्रियांच्या मापांचा. ज्या उद्योगाच्या पहिल्या पिढीत डेमोरेस्टबाईंच्या कार्यशाळेत कृष्णवर्णीय हात राबले, त्या उद्योगासाठी काढलेल्या ‘अमेरिकन स्त्री’च्या सरासरीत त्यांची शरीरे नव्हती. लोकशाहीकरणाच्या सूत्रावर यापेक्षा कठोर भाष्य शोधण्याची आवश्यकता नाही.

याच काळात पॅटर्नला वळसा घालणारी एक वाटही होती. मेरी ब्रुक्स पिकेन यांच्या नावाशी निगडित असलेली ‘वुमन्स इन्स्टिट्यूट’ ही टपालाद्वारे शिकविणारी संस्था १९१६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन येथे सुरू झाली. तेथे लक्षावधी स्त्रियांनी शिवणकामाचे धडे घेतले. १९२०च्या दशकात गाजलेला पिकेन यांचा ‘एका तासाचा झगा’ कागदाविना, स्वतःची मापे घेऊन थेट कापडावर बेतावयाचा होता. तेव्हाची फॅशन सरळ, सैल होती म्हणून हे शक्य झाले. तरी त्यामागील तत्त्व निराळे होते. आकृती विकत न देता आकृती काढण्याची रीत द्यावयाची. महाराष्ट्रातील घरच्या शिलाईचा मार्ग याच तत्त्वाच्या जवळचा आहे.

महाराष्ट्रातील वेगळी वाट

आपल्याकडे शिवणयंत्र आले, पण पेपर पॅटर्नचे पाकीट त्याच्या मागोमाग घरोघर पोहोचले नाही. भारतातील शिवणयंत्राच्या इतिहासावर डेव्हिड अर्नोल्ड यांनी २०११ मध्ये लिहिलेला निबंध या दृष्टीने उपयुक्त आहे. सिंगर कंपनीचा येथील व्याप नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी व्यवस्थापकाने वाढविला. मात्र लोकांची बरीचशी वस्त्रे न शिवलेली, हीच कंपनीपुढील मोठी अडचण होती. साडी, धोतर, उपरणे यांना पॅटर्न नको. उरते चोळी, परकर, सदरा आणि मुलांची झबली-टोपडी. शिवाय माप घेऊन शिवून देणारा शिंपी गल्लीत होताच. एवढ्या कारणांनी पाकिटाच्या व्यापाराला येथे बाजारपेठ मिळाली नसावी.

परंतु पॅटर्नची कल्पना येथे नव्हती असे नाही. खणाची चोळी हे त्याचे सुंदर उदाहरण आहे. गुळेदगुड्डचा खण हा मुळात चोळीपुरताच विणलेला. त्याचा पन्हा, लांबी आणि काठ यांनीच तुकड्यांची मांडणी ठरते. येथे कापड हाच कागद आहे आणि विणकर हा अर्धा बेतणारा. दुसरे उदाहरण इतके परिचित आहे, की त्याकडे इतिहास म्हणून कोणी पाहत नाही. शिंप्याकडे नवे कापड देताना सोबत ‘मापाचा ब्लाऊज’ द्यावयाचा. हा ब्लाऊज म्हणजे त्या स्त्रीच्या अंगाचा, तिने स्वतः तपासून मान्य केलेला पॅटर्नच होय. एकोणिसाव्या शतकातील उसवलेल्या चोळीचाच तो न उसवलेला भाऊबंद. आकारमान असे एकदा ठरून गेल्यामुळे निवडीचा सर्व भर गळ्यावर आणि बाहीवर येतो. शिंप्याच्या दुकानातील गळ्यांच्या नमुन्यांचे पुस्तक म्हणजे आपला पॅटर्न-कॅटलॉग. फरक एवढाच, की त्यात चित्र असते, माप नसते.

घरी शिवणाऱ्या स्त्रीची घडण मात्र शिवणवर्गात झाली. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आणि १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवण हे विधवा व परित्यक्ता स्त्रियांच्या स्वावलंबनाचे साधन म्हणून शिकविले गेले. पुढे के. आर. झारापकर यांच्या कटिंगच्या पद्धतीने आणि पुस्तकांनी मराठी शिवणवर्गांना एक सामाईक भाषा दिली. छातीचा चौथा हिस्सा, त्यात सैलपणासाठी इतके इंच, मुंढ्याची खोली इतकी, माया इतकी. हे सूत्र पाठ, आणि मग खाकी कागदावर किंवा खडूने थेट कापडावर आखणी. छातीचे माप येथेही प्रमुख आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही खांदा, कंबर, उंची, बाही ही मापे प्रत्यक्ष अंगावरून घेतली जातात, आणि बसले नाही तर चूक आकड्यात शोधली जाते, अंगात नाही.

या पद्धतीची किंमतही होती. आकृती काढता येणारी स्त्री पाश्चात्त्य पाकीट घेणारीपेक्षा अधिक स्वतंत्र होती, पण वर्गाबाहेरच्या स्त्रीला शिंप्यावाचून पर्याय नव्हता. जर्मनीत १९५० मध्ये मासिक सुरू करणाऱ्या एने बुर्डा यांनी १९५२ पासून त्याबरोबर पॅटर्न दिले. असे स्वस्त, घरपोच साधन मराठी वाचक स्त्रीला नियमाने मिळत राहिले असते, तर कदाचित शिवणवर्गाची फी न परवडणाऱ्या कितीजणींनी बेतणी घरीच साधली असती. ज्ञान विकत न देता शिकविणे हे श्रेष्ठ खरे. ते शिकावयास घराबाहेर पडण्याची मुभा प्रत्येकीला होती, असे मात्र समजू नये.

साधनांच्या जतनाबाबत दोन ठिकाणची स्थिती अगदी विरुद्ध आहे. अमेरिकेत ऱ्होड आयलंड विद्यापीठाने पेपर पॅटर्नचा स्वतंत्र संग्रह उभारला आणि त्याच्याशी संबंधित जॉय स्पॅनाबेल एमरी यांनी २०१४ मध्ये या उद्योगाचा इतिहास लिहिला. आपल्याकडे पाकिटेच नव्हती. होत्या त्या शिवणवर्गाच्या वह्या. एका पानावर सूत्र आणि मापे, समोरच्या पानावर त्याच ब्लाऊजचे, झबल्याचे किंवा परकराचे चिकटविलेले लहानसे कागदी कटिंग. काहींच्या समासात बहिणीची, नणंदेची, शेजारणीची मापे पेन्सिलीने उतरवलेली असतात. कुटुंबातील स्त्रियांच्या शरीरांची आणि त्यांच्यासाठी घेतलेल्या निर्णयांची एवढी थेट नोंद अन्य कोणत्याही घरगुती कागदात मिळत नाही. घर बदलताना किंवा ती शिवणारी स्त्री वारल्यावर या वह्या रद्दीत जातात.